सेवापुस्तकातील जन्मतारीख आणि उशिरा आलेला अर्ज

सरकारी नोकरीत प्रवेशाची पात्रता, एकाच दिवशी रुजू झालेल्यांची आपसातील ज्येष्ठता आणि सेवानिवृत्तीचा दिवस या तिन्ही गोष्टी एकाच नोंदीवरून ठरतात. ती नोंद म्हणजे सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावर अंकी आणि अक्षरी लिहिलेली जन्मतारीख. कर्मचारी रुजू झाल्यापासून त्याच्या नेमणुका, वेतनवाढी, रजा, बदल्या आणि शिक्षा यांची कालक्रमाने नोंद ठेवणारे पुस्तक ते सेवापुस्तक. त्यातील बाकीची पाने सेवा चालू असेपर्यंत भरत राहतात. पहिल्या पानावरील जन्मतारीख मात्र एकदा लिहिली आणि कार्यालयप्रमुखाने साक्षांकित केली की कायम राहावी, अशी नियमांची अपेक्षा असते. ती चुकीची आहे असे सांगणारे अर्ज पुष्कळदा नोकरीची पंचवीस-तीस वर्षे उलटल्यावर, निवृत्ती वर्षा-दोन वर्षांवर आली असताना येतात, आणि जवळजवळ नेहमीच फेटाळले जातात. अर्जदाराकडे भक्कम पुरावा असतानाही असे का होते आणि ते कितपत न्याय्य आहे, हे समजून घेण्यासाठी चुकीच्या तारखा मुळात कशा लागल्या तेथपासून सुरुवात करावी लागते.

राज्यात जन्म-मृत्यू नोंदणीचा आजचा केंद्रीय कायदा १९६९ चा असून तो महाराष्ट्रात १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. त्यापूर्वीही नोंदणी होत असे. कोतवाल बुक किंवा गाव नमुना नंबर १४ या नावांनी ओळखली जाणारी जन्म-मृत्यूची जुनी रजिस्टरे, त्यांतील कित्येक मोडी लिपीत लिहिलेली, आजही अभिलेख कक्षांत आढळतात आणि कुणबी नोंदींच्या शोधामुळे अलीकडे त्यांची नावे घरोघरी पोहोचली आहेत. परंतु या रजिस्टरांत बहुधा वडिलांचे नाव आणि अपत्य मुलगा की मुलगी एवढेच लिहिलेले असे. बारसे नंतर होई आणि मुलाचे नाव नोंदीत चढवायला पुन्हा कोणी जात नसे. त्यामुळे पन्नास वर्षांनी उताऱ्याची नक्कल हाती आली, तरी चार भावंडांपैकी ती नोंद नेमकी कोणाची, हा प्रश्न शिल्लक राहतो, आणि उशिरा आलेले कित्येक अर्ज याच ठिकाणी अडखळतात.

बहुसंख्य लोकांची जन्मतारीख म्हणून ठरली ती शाळेच्या जनरल रजिस्टरात पडलेली तारीख. मुलाला शाळेत घालायला आलेल्या पालकाला सण, पाऊसकाळ किंवा दुष्काळाचे साल आठवत असे, इंग्रजी तारीख आठवत नसे. शाळा जूनमध्ये सुरू होत आणि पहिलीत बसण्यासाठी ठरावीक वय पुरे व्हावे लागे, म्हणून गुरुजी सोयीची १ जून ही तारीख लिहून टाकत. महाराष्ट्रात १ जून हा वाढदिवस असलेल्यांची संख्या आजही डोळ्यांत भरते ती यामुळेच, आणि कार्यालयांतून ३१ मे रोजी होणाऱ्या निरोप समारंभांची दाटीही त्यातूनच आलेली आहे. नियत वयोमान, म्हणजे निवृत्तीसाठी ठरवलेले वय, ज्या महिन्यात पूर्ण होते त्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी कर्मचारी निवृत्त होतो. मात्र ज्याची जन्मतारीख महिन्याची १ तारीख आहे तो आधीच्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, कारण त्याचे वय आदल्या दिवशीच पूर्ण झाले असे मानले जाते. गुरुजींनी १ जूनऐवजी २ जून लिहिले असते, तर त्याच माणसाला ३० जूनपर्यंत नोकरी आणि एक महिन्याचा पूर्ण पगार मिळाला असता. राज्य शासनाच्या बहुतेक कर्मचाऱ्यांसाठी हे वय ५८ वर्षे, गट ड मधील कर्मचाऱ्यांसाठी ६० वर्षे, तर केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी १९९८ पासून ६० वर्षे आहे.

जे शाळेतच गेले नाहीत, त्यांच्याबाबत अंदाजाला आणखी वाव होता. खाणीत, रेल्वेच्या गँगमध्ये, सफाई खात्यात किंवा बांधकाम विभागात मजूर म्हणून लागलेल्या माणसाचे वय त्याने सांगितले तेवढे किंवा डॉक्टरांनी पाहून ठरवले तेवढे लिहिले जाई. महाराष्ट्र नागरी सेवा (सेवेच्या सर्वसाधारण शर्ती) नियम, १९८१ यांतील नियम ३८ मध्ये अशा अपुऱ्या माहितीसाठी ठोकताळे दिलेले आहेत: जन्माचे फक्त वर्ष माहीत असेल तर १ जुलै ही जन्मतारीख धरावी, वर्ष आणि महिना माहीत असेल तर त्या महिन्याची १६ तारीख धरावी, आणि केवळ अंदाजे वय सांगितले असेल तर नेमणुकीच्या तारखेतून तितकी वर्षे वजा करावीत. कारभार चालवायला असे काही तरी ठरवावेच लागते. पण सेवापुस्तकात काटेकोर वाटणारी तारीख कित्येकदा मुळातच मानीव असते हे विसरून चालत नाही, कारण पुढच्या सगळ्या वादांत ज्याची बाजू सर्वांत दुबळी पडते तो याच वर्गातला कामगार असतो.

नोंद बदलण्याचे दार नियमांनी पूर्ण बंद केलेले नाही, पण त्याला मुदत घातली आहे. केंद्र सरकारने १९७९ मध्ये मूलभूत नियम ५६ खालील टिपेत तीन अटी घातल्या. अर्ज सेवेत प्रवेश केल्यापासून पाच वर्षांच्या आत आला पाहिजे. खरोखरीची, प्रामाणिक चूक झाल्याचे स्पष्टपणे सिद्ध झाले पाहिजे. आणि नवी तारीख मान्य केली असता कर्मचारी पूर्वी ज्या शालेय, विद्यापीठीय किंवा लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला बसला, अथवा ज्या दिवशी सेवेत शिरला, त्यासाठी तो अपात्र ठरता कामा नये. तिसरी अट वरवर तांत्रिक वाटते, पण तिच्यात मोठा न्याय आहे. एखादा शिपाई अठरा वर्षे दोन महिन्यांचा असल्याचे दाखवून पोलीस दलात भरती झाला आणि आपण दोन वर्षांनी लहान आहोत असे त्याने नंतर सिद्ध केले, तर तो भरतीच्या दिवशी सोळा वर्षांचा होता असे होईल, म्हणजे ज्या नोकरीची मुदत वाढवून मागायची ती नोकरीच त्याला मिळायला नको होती. चुकीच्या तारखेचा लाभ प्रवेशाच्या वेळी घ्यायचा आणि खऱ्या तारखेचा लाभ निवृत्तीच्या वेळी, असे दोन्हीकडून साधता येऊ नये, यासाठी ही अट आहे.

महाराष्ट्राच्या नियम ३८ ची भाषा थोडी निराळी आहे. संबंधित कर्मचाऱ्याखेरीज अन्य कोणाच्या निष्काळजीपणामुळे नोंद चुकली असेल किंवा ती उघड लेखनप्रमाद असेल, तरच ती बदलता येते. लेखनप्रमाद म्हणजे दाखल्यावर एक तारीख असताना लिपिकाने उतरवून घेताना दुसरीच लिहिणे. दाखल्यावरची तारीखच चुकीची आहे असे म्हणणे हा लेखनप्रमाद ठरत नाही, आणि बहुतेक अर्जांची अडचण याच फरकात असते. १६ ऑगस्ट १९८१ रोजी किंवा त्यानंतर सेवेत आलेल्यांचा अर्ज पाच वर्षांनंतर विचारात घेऊ नये, अशी सूचना या नियमाखाली आहे. मूळ सूचनेत ‘सर्वसाधारणपणे’ अशा अर्थाचा शब्द असल्याने अपवादाला थोडी फट राहिली होती. २००८ च्या दुरुस्तीने ती बुजवण्यात आली. पाच वर्षांच्या या मर्यादेवर सर्वोच्च न्यायालयानेही २०१० मध्ये महाराष्ट्र शासनाच्या एका अपिलात शिक्कामोर्तब केले.

विलंब एवढा घातक का ठरतो, याचे विवेचन १९९३ पासूनच्या निकालांत सापडते. त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयासमोर आलेल्या एका प्रकरणातील केंद्रीय कर्मचारी १९५६ मध्ये सेवेत आला होता आणि त्याने जन्मतारीख बदलण्याचा अर्ज केला १९९१ मध्ये. पाच वर्षांची अट १९७९ मध्ये आली, आपण त्याच्या कितीतरी आधी नोकरीला लागलो, तेव्हा ती आपल्याला लागू नाही, असा त्याचा युक्तिवाद होता. न्यायालयाने तो मानला नाही. जुन्या कर्मचाऱ्यांनी निदान नवी तरतूद अमलात आल्यापासून पाच वर्षांत अर्ज करायला हवा होता, आणि ३५ वर्षे स्वस्थ बसलेल्याला निवृत्तीच्या उंबरठ्यावर ही तक्रार उकरून काढता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. पुढच्या असंख्य निकालांचा पाया हाच आहे.

तामिळनाडूच्या गृह विभागाशी संबंधित त्याच सुमाराच्या दुसऱ्या निकालात न्यायालयाने अशा दुरुस्तीच्या परिणामांची साखळी मांडली. ती महसूल खात्याच्या उदाहरणाने सहज समजते. एक नायब तहसीलदार मे अखेरीस निवृत्त होणार, म्हणून त्याच्या जागी एका मंडळ अधिकाऱ्याची पदोन्नती ठरलेली असते, त्याच्या जागी एखादा तलाठी मंडळ अधिकारी व्हायचा असतो, आणि तलाठ्याच्या रिकाम्या होणाऱ्या जागेवर भरतीच्या यादीतील एक तरुण डोळे लावून बसलेला असतो. नायब तहसीलदाराला तीन वर्षे वाढवून मिळाली की या तिघांचीही तीन वर्षे जातात, आणि मधल्या मंडळ अधिकाऱ्याची स्वतःची निवृत्ती त्या काळात आली, तर त्याची पदोन्नती कायमचीच हुकते. या माणसांना न्यायालयात पक्षकार केलेले नसते, त्यांना नोटीस गेलेली नसते, पुष्कळदा तर प्रकरण चालू असल्याचे त्यांच्या कानावरही आलेले नसते. वरवर कर्मचारी आणि सरकार यांच्यात दिसणारा हा वाद प्रत्यक्षात एका कर्मचाऱ्याचा आणि त्याच्या खालच्या रांगेचा असतो, ही या निकालाने दाखवलेली गोष्ट फार मोलाची आहे. म्हणूनच पुरावा निर्विवाद नसेल आणि खरा अन्याय झाल्याची खात्री पटत नसेल, तर अंतरिम आदेशाने, म्हणजे अंतिम निकालापूर्वीच्या तात्पुरत्या हुकमाने, कर्मचाऱ्याला पदावर चालू ठेवू नये, असे न्यायालयाने बजावले. दावा अखेरीस खरा ठरला, तर बुडालेला पगार पैशाने भरून देता येतो. दावा खोटा ठरला, तर दुसऱ्याच्या जागेवर काढलेली वर्षे परत करता येत नाहीत. १९९५ मध्ये बर्न स्टँडर्ड या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीच्या प्रकरणातही उच्च न्यायालयांनी सेवेच्या अखेरीस आलेल्या अशा मागण्यांसाठी आपला असाधारण रिट अधिकार वापरू नये, असे सांगण्यात आले.

याचा अर्थ उशिरा न्यायालयात पोहोचलेला प्रत्येक जण हरतोच असे नाही. भारत कोकिंग कोल या झारखंडमधील कोळसा कंपनीच्या दोन कामगारांची प्रकरणे शेजारी ठेवली की फरक लख्ख दिसतो. पहिला कामगार १९७३ पासून नोकरीत होता. खाण कायद्याखाली ठेवल्या जाणाऱ्या फॉर्म बी या कामगार नोंदवहीत त्याचा जन्म १९४७ चा लिहिलेला होता, तर शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वर्ष होते १९५०. कंपनीने १९८७ मध्ये सर्व कामगारांना त्यांच्या सेवानोंदींचा उतारा देऊन हरकती मागवल्या, तेव्हा या विसंगतीकडे त्याचे प्रथम लक्ष गेले आणि त्याने लगेच लेखी हरकत घेतली. कंपनीने ती मनावर घेतली नाही आणि त्याला जुन्या तारखेनुसार निवृत्त करायचे ठरवले, म्हणून न्यायालयीन लढाई नोकरीच्या अखेरीस झाली. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये त्याच्या बाजूने निकाल दिला, कारण त्याची तक्रार जुनी होती आणि नोंद पाहण्याची पहिली संधी मिळताच तो बोलला होता.

दुसरा कामगार १९८२ मध्ये रुजू झाला आणि त्याने दुरुस्तीची मागणी केली २००९ मध्ये, निवृत्ती वर्षावर आली असताना. त्याच्याकडे मॅट्रिकचे प्रमाणपत्र होते, उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने कौलही दिला होता. परंतु सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तो फिरवला. पुरावा चांगला आहे म्हणून दुरुस्ती हा हक्क ठरत नाही, हे तत्त्व त्या निकालात पुन्हा अधोरेखित झाले, आणि २०२१ मध्ये कर्नाटकातील एका महामंडळाच्या प्रकरणात त्याचा सारांश आणखी नेमकेपणाने आला: अर्ज लागू नियमांप्रमाणेच करता येतो, सबळ पुराव्यानेही तो हक्क म्हणून मागता येत नाही, आणि केवळ दिरंगाईच्या कारणावरून, विशेषतः निवृत्तीच्या तोंडावर आलेला असेल तर, तो फेटाळता येतो. दोन्ही कोळसा कामगारांच्या हाती शैक्षणिक कागद होते, दोघांची कंपनी एकच होती. एकाने नोंद दिसताच हरकत घेतली आणि दुसऱ्याने सत्तावीस वर्षांनी घेतली, एवढ्या एका गोष्टीवर दोन निकाल विरुद्ध दिशांना गेले.

देशातील सर्वांत गाजलेले प्रकरण मात्र थेट लष्करप्रमुखांचे आहे. पुण्याच्या लष्करी रुग्णालयात जन्मलेले जनरल विजयकुमार सिंग यांनी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेशासाठी भरलेल्या अर्जात जन्मवर्ष १९५० असे पडले होते, तर मॅट्रिकच्या प्रमाणपत्रावर ते १९५१ होते. लष्कराच्या एका शाखेच्या दप्तरी १० मे १९५० आणि दुसऱ्या शाखेच्या दप्तरी १० मे १९५१ अशा दोन तारखा कित्येक दशके एकाच वेळी नांदल्या. वरच्या पदांवर बढती मिळण्याच्या काळात त्यांनी १९५० हे वर्ष लेखी मान्य केल्याची पत्रे शासनापाशी होती. फेब्रुवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर सुनावणी झाली, तेव्हा सेनापतींचा खरा जन्मदिवस कोणता हे आपल्याला ठरवायचे नसून अधिकृत सेवानोंदीत कोणता दिवस ओळखला गेला एवढाच प्रश्न आहे, अशी भूमिका न्यायालयाने घेतली; अर्ज मागे घेण्यात आला आणि ते ३१ मे २०१२ रोजी निवृत्त झाले. सेवाकायद्याची या विषयाकडे पाहण्याची दृष्टी याहून स्वच्छपणे क्वचितच मांडली गेली असेल. नोंदलेल्या तारखेवर दोन्ही पक्षांनी आयुष्यभराचे व्यवहार केलेले असतात, आणि कायदा त्या व्यवहारांना स्थैर्य देतो.

पुराव्याच्या बाबतीत अर्जदारांचे काही गैरसमज ठरलेले आहेत. सार्वजनिक नोंदवहीत कर्तव्य म्हणून केलेली नोंद पुरावा म्हणून ग्राह्य असते, ही तरतूद १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम ३५ मध्ये होती आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ती कलम २९ मध्ये आहे. पण ग्राह्य असणे वेगळे आणि वजनदार असणे वेगळे. शाळेच्या रजिस्टरातील तारीख कोणी सांगितली, कशाच्या आधारे सांगितली, हे कळत नसेल तर तिचे वजन कमी होते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच म्हटले आहे. हाडांच्या वाढीवरून वय ठरवण्याची वैद्यकीय चाचणी कोवळ्या वयातसुद्धा दोन-एक वर्षे इकडेतिकडे होऊ शकते. पंचावन्न वर्षांच्या माणसाचे जन्मवर्ष ठरवायला ती निरुपयोगी असते. आधार कार्ड ओळख पटवते, जन्मतारीख सिद्ध करत नाही, हे आधार देणाऱ्या प्राधिकरणाने स्वतःच २०२३ मध्ये परिपत्रक काढून स्पष्ट केले आहे. राजपत्रात जन्मतारीख बदलल्याची जाहिरात दिली की काम झाले, ही समजूतही अशीच: ती जाहिरात म्हणजे अर्जदाराचे स्वतःचे निवेदन असते, शासनाने दिलेला निर्णय नसतो. नियोक्त्याला पक्षकार न करता दिवाणी न्यायालयातून मिळवलेला हुकूमनामाही त्याच्यावर बंधनकारक ठरत नाही. आणि एकामागून एक निवेदने देत राहिल्याने गेलेली मुदत परत जिवंत होत नाही.

हे सर्व मान्य केल्यानंतरही एक गोष्ट खटकत राहते. पाच वर्षांची मुदत न्याय्य ठरते ती त्या पाच वर्षांत कर्मचाऱ्याला आपली नोंद पाहायला मिळाली असेल तरच. पदवीधर लिपिक आपला दाखला स्वतः जोडतो, तारीख स्वतः लिहितो, आणि तीस वर्षांनी आपल्याला माहीत नव्हते असे म्हणण्याचा अधिकार त्याला उरत नाही. पण अंगठा उमटवून रुजू झालेल्या सफाई कामगाराच्या पुस्तकात काय लिहिले गेले, ते त्याला कोणी वाचून दाखवले होते का, हा प्रश्न फार थोड्या निकालांत विचारला जातो. सेवापुस्तकाच्या पहिल्या पानाचे दर पाच वर्षांनी पुन्हा साक्षांकन करावे, असा दंडक आहे. कर्मचाऱ्याला दुय्यम सेवापुस्तक देण्याचीही सोय आहे. अनेक कार्यालयांत हे साक्षांकन निवृत्तिवेतनाचे प्रकरण तयार करताना एकाच दिवशी, मागच्या सगळ्या वर्षांसाठी उरकले जाते. अशा कार्यालयाने कर्मचाऱ्याच्या दिरंगाईवर बोट ठेवावे, हे योग्य वाटत नाही. विलंबाचा आक्षेप घेणाऱ्या प्रशासनाने नोंद कर्मचाऱ्याला कधी दाखवली याचा लेखी पुरावा आधी द्यावा, असा आग्रह न्यायालयांनी धरायला हवा. कोळसा खाणीतल्या पहिल्या कामगाराला न्याय मिळाला तो कंपनीने १९८७ मध्ये उतारा दिला म्हणूनच, आणि उतारा दिला नसता तर तोही उशिरा जागा झालेला अर्जदार ठरला असता.

जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात २०२३ मध्ये झालेली दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली आणि त्या दिवसापासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून सरकारी नेमणुकीपर्यंत जन्म प्रमाणपत्र हाच जन्मतारखेचा पुरावा ठरला. या पिढीतील पहिली मुले अठरा वर्षांची होऊन सेवेत येतील ती २०४१ च्या अखेरीस. त्याआधी जन्मलेला, शाळेच्या दाखल्यावर नोकरी मिळवलेला शेवटचा कर्मचारी आजच्या ५८ वर्षांच्या हिशेबाने २०८१ मध्ये निवृत्त होईल. तोपर्यंत आस्थापना शाखेपुढे एक साधे काम उरते: नेमणुकीला पाच वर्षे पूर्ण होण्यापूर्वी सेवापुस्तकाचे पहिले पान कर्मचाऱ्यासमोर ठेवून त्याची तारखेसह सही घेणे, ज्याला वाचता येत नाही त्याला नोंद मोठ्याने वाचून दाखवून तसा शेरा मारणे, आणि त्याने हरकत घेतलीच तर अर्जाची पोचपावती त्याच दिवशी त्याच्या हाती देणे.